दूरच्या संगणकास आज्ञा : मनुष्याच्या अनुपस्थितीत चालणारे काम

सन १९४० च्या सप्टेंबर महिन्याच्या ११ तारखेस अमेरिकेतील हॅनोव्हर या लहानशा गावी, डार्टमथ महाविद्यालयात गणितज्ञांची परिषद भरली होती. तेथे जॉर्ज स्टिबिट्झ यांनी एक दूरमुद्रक, म्हणजे तारेने जोडलेले टंकलेखनयंत्र, उपस्थितांपुढे ठेविले. गणित करणारे यंत्र मात्र तेथे नव्हते. ते शेकडो किलोमीटर दूर न्यूयॉर्क येथे बेल प्रयोगशाळेत होते. हॅनोव्हर येथे संमिश्र संख्यांचे उदाहरण टंकित करावे, ते तारेतून न्यूयॉर्कला जावे, तेथील रिलेंनी उत्तर काढावे आणि ते परत हॅनोव्हरच्या कागदावर उमटावे, असा तो प्रयोग होता. दूरच्या गणकयंत्रास काम सांगण्याचा हा पहिला जाहीर प्रयोग मानला जातो.

पुढे २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाशी 'अर्पानेट' या जाळ्यावरून पहिला संबंध जोडण्यात आला. 'लॉगिन' हा शब्द एकेक अक्षराने पाठवावयाचा होता. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. दोन्ही टोकांना माणसे बसली होती व ती दूरध्वनीवरून परस्परांशी बोलत होती. काय झाले हे त्यांना तत्काळ कळले, दोष दुरुस्त झाला आणि सुमारे तासाभराने पुन्हा केलेला प्रयत्न सफल झाला.

या दोन्ही प्रसंगी एक गोष्ट इतकी स्वाभाविक होती की तिचा उल्लेख करण्याचेही कोणास कारण पडले नाही. यंत्रासमोर मनुष्य होता. काम सांगणारा कोण हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होते. उत्तर विपरीत आले तर तो थांबत होता. उत्तर आलेच नाही तर त्यास शंका येत होती. आज जगातील संगणकांना जी कामे दुरून सांगितली जातात त्यांपैकी पुष्कळशी रात्री-अपरात्री, कोणीही समोर नसताना, दुसरा संगणकच सांगत असतो. त्या न बसलेल्या मनुष्याची कामगिरी तेथे कोण बजावतो, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

एक उदाहरण घेऊ व ते शेवटपर्यंत सोडू नये. समजा, एका जिल्हा ग्रंथालयाच्या वीस शाखा आहेत. प्रत्येक शाखेत एक संगणक असून दिवसभरातील पुस्तकांच्या देवघेवीची नोंद त्यात होते. रात्री दोन वाजता प्रत्येक शाखेच्या संगणकावर एक आज्ञावली चालवावयाची आहे. तिने दिवसाच्या नोंदी एकत्र बांधावयाच्या आणि मध्यवर्ती ग्रंथालयाकडे धाडावयाच्या. वीस गावी रात्री वीस माणसे जागवणे शक्य नाही. म्हणून मध्यवर्ती संगणकावर आज्ञांची एक लेखी यादी करून ठेवतात. हिला स्क्रिप्ट म्हणतात. नाटकाच्या संहितेप्रमाणेच तिच्यात कोणी केव्हा काय करावयाचे ते क्रमाने लिहिलेले असते; फरक इतकाच की नट संहिता विसरला तर वेळ मारून नेतो, संगणकास ते साधत नाही. ठरल्या वेळी ही यादी हाती घेण्याचे काम घड्याळावर नजर ठेवणारी दुसरी आज्ञावली करते. युनिक्स कुळातील संगणकांवर तिचे नाव 'क्रॉन', तर विंडोजवर 'टास्क शेड्यूलर' असे आहे.

येथवर सारे सोपे आहे. अडचण सुरू होते ती शाखेच्या संगणकाचे दार ठोठावल्यावर.

दारावर कोण आहे?

शाखेच्या संगणकास जाळ्यावरून निरोप येतो : "मी मध्यवर्ती ग्रंथालय. अमुक आज्ञावली सुरू कर." हा निरोप खरोखर मध्यवर्ती ग्रंथालयाचाच, हे त्याने कशावरून ओळखावे? मनुष्य असता तर त्याने परवलीचा शब्द टंकित केला असता. स्क्रिप्टला तोच शब्द द्यावयाचा तर तो स्क्रिप्टमध्ये उघडा लिहून ठेवावा लागेल, आणि ती फाइल वाचणाऱ्या प्रत्येकास तो मिळेल.

सन १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींनी युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत 'आरएसएच' म्हणजे दूरस्थ शेल नावाचे साधन होते. शेल म्हणजे मनुष्याच्या वा स्क्रिप्टच्या आज्ञा वाचून त्या अमलात आणणारी आज्ञावली. आरएसएचने परवलीच्या शब्दाची अडचण मोठ्या सुटसुटीतपणे दूर केली. प्रत्येक संगणकावर विश्वासू संगणकांच्या नावांची यादी ठेवावयाची. त्या यादीतील संगणकाकडून निरोप आला की परवलीचा शब्द न विचारता काम सुरू करावयाचे. निरोप खरा मानण्यास आधार दोनच : तो कोणत्या पत्त्यावरून आला, आणि पाठवणाऱ्याने १०२४ च्या खालच्या क्रमांकाचे पोर्ट वापरले आहे काय. असे पोर्ट उघडण्याचा अधिकार युनिक्सवर केवळ मुख्य व्यवस्थापकास असे.

ही व्यवस्था भोळी होती असे आज सहज म्हणता येते; पण ते न्याय्य होणार नाही. त्या काळी जाळ्यावरील संगणक थोडे व मोठे असत, आणि प्रत्येकाचा व्यवस्थापक ओळखीचा असे. खेड्यात आवाजावरून माणूस ओळखून कडी काढतात तशी ती रीत होती. पुढे टेबलावर मावणारे संगणक आले व जो तो आपापल्या यंत्राचा मुख्य व्यवस्थापक झाला. १०२४ च्या खालचे पोर्ट उघडता येणे ही मग कोणतीच खूण राहिली नाही. रीत मात्र तीच राहिली.

पहिला मोठा धक्का २ नोव्हेंबर १९८८ रोजी बसला. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती दुसऱ्या संगणकांवर सुरू करणारी एक आज्ञावली जाळ्यावर सोडली. तिच्यापाशी अनेक वाटा होत्या : टपाल वाहणाऱ्या आज्ञावलीतील एक उघडी राहिलेली सोय, दुसऱ्या एका सेवेतील दोष, ४३२ शब्दांच्या यादीवरून परवलीचे शब्द ताडून पाहणे, आणि हीच विश्वासू संगणकांची यादी. एका संगणकात शिरली की तेथील यादी वाचून ती पुढच्या संगणकाकडे आपलेपणाने जाई. आपली प्रत आधीच चालू असल्यास नवीने माघार घ्यावी अशी तजवीज तीत होती. पण कोणी खोटी प्रत ठेवून तिला फसवू नये म्हणून सातांत एक वेळ तिने माघार घेऊच नये असेही लिहिले होते. हे प्रमाण फार ठरले. एकेका यंत्रावर प्रतींवर प्रती साठून यंत्रे ठप्प झाली. सुमारे ६,००० संगणक बाधित झाल्याचा अंदाज त्या वेळी करण्यात आला.

दुसरा प्रसंग कमी संगणकांस बाधला, पण आपल्या विषयास अधिक उद्बोधक आहे. २५ डिसेंबर १९९४ रोजी, नाताळच्या सुटीत, त्सुतोमु शिमोमुरा या संगणकतज्ज्ञाच्या संगणकांवर हल्ला झाला. त्यांतील एक यंत्र दुसऱ्या एका यंत्रास विश्वासू मानीत असे. हल्लेखोराने त्या विश्वासू यंत्रावर अर्धवट जोडण्यांचा भडिमार करून त्यास निरुत्तर केले आणि त्याच्या नावाचा खोटा पत्ता घालून पहिल्या यंत्रास निरोप पाठविले. यात एक अडचण होती. उत्तरे खऱ्या पत्त्यावर जाणार, हल्लेखोरास ती दिसणार नाहीत. आणि जाळ्यावरील संभाषण चालू ठेवावयाचे तर उत्तरातील एक क्रमांक परत सांगावा लागतो. परंतु ते यंत्र प्रत्येक नव्या जोडणीस आधीच्यापेक्षा बरोबर १,२८,००० ने मोठा क्रमांक देत असल्याचे हल्लेखोराने आधी पाहून ठेविले होते. उत्तर न ऐकताच त्याने योग्य क्रमांक सांगितला आणि आरएसएचवरून एकच आज्ञा चालविली. त्या आज्ञेने विश्वासू यादीच्या फाइलीत दोन अधिक चिन्हे लिहिली. त्या फाइलीच्या भाषेत त्यांचा अर्थ 'कोणताही संगणक, कोणताही मनुष्य' असा होतो. शिमोमुरा यांनी हा सारा तपशील जानेवारी १९९५ मध्ये जाहीर केला.

येथे हल्लेखोरही एका अर्थी समोर नव्हता. आंधळेपणाने बोलणारी एक स्क्रिप्ट आणि तिच्यावर आंधळेपणाने विश्वास ठेवणारे यंत्र, अशी ती गाठ होती.

किल्ली आणि कुलूप

त्याच वर्षी फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरण्याचा प्रकार घडला. जाळ्यावरून जाणारे शब्द उघडे असत. मधे कान लावून बसणाऱ्यास ते आयते मिळत. तेथील तातु उलोनेन यांनी यावर उपाय म्हणून 'एसएसएच', अर्थात सुरक्षित शेल, हे साधन रचले व १९९५ च्या जुलैमध्ये सर्वांस विनामूल्य दिले. १९९९ साली ओपनबीएसडी प्रकल्पाने 'ओपनएसएसएच' ही त्याची मुक्त आवृत्ती काढली. युनिक्स कुळातील संगणकांवर दुरून काम सांगण्यास आज सामान्यतः हीच वापरली जाते.

एसएसएचमध्ये सर्व संभाषण कूटलिपीत चालते. पण आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती ओळख पटविण्याची पद्धत. मध्यवर्ती संगणकावर गणिताने परस्परांशी बांधलेल्या दोन किल्ल्या तयार करतात. एक खाजगी, ती केंद्रातच राहते. दुसरी जाहीर, तिची प्रत वीसही शाखांवर ठेवतात. 'किल्ली' हा शब्द येथे थोडा फसवा आहे. जाहीर किल्लीस कुलूप म्हटले असते तर समजण्यास सोपे गेले असते. संबंध जोडताना दोन्ही यंत्रे त्या वेळेपुरती एक नवी संख्या ठरवितात, केंद्र तिच्यावर आपल्या खाजगी किल्लीने एक प्रकारची सही करते, आणि शाखा ती सही जाहीर किल्लीने पडताळून पाहते. खाजगी किल्ली स्वतः कधीच तारेवर चढत नाही. म्हणून कान लावून बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि काल ऐकलेली सही आज उपयोगी पडत नाही.

ओळख दुसऱ्या बाजूनेही पटावी लागते. आपण ज्यास शाखा समजतो ते शाखेचेच यंत्र आहे काय? यासाठी शाखेच्या यंत्राचीही स्वतःची किल्ली असते आणि केंद्र तिची नोंद ठेवते. प्रथम भेटीत एसएसएच विचारते, "हे यंत्र अनोळखी आहे, पुढे जाऊ काय?" मनुष्य 'होय' म्हणतो, बहुधा नीट न वाचता. स्क्रिप्टपाशी 'होय' म्हणणारे कोणी नसते, म्हणून पुष्कळ लोक ही पडताळणीच बंद करून टाकतात. तसे करू नये. वीस यंत्रांच्या किल्ल्या एकदा हाताने आणून नोंदविणे हे एका दुपारचे काम आहे.

खाजगी किल्लीवर पुन्हा परवलीचा शब्द घालता येतो. पण रात्री दोन वाजता तो सांगणार कोण? म्हणून अशी किल्ली बहुधा शब्दावाचून ठेवावी लागते, आणि जो ती फाइल चोरील त्यास वीस दारे उघडी होतात. हा धोका नाहीसा करता येत नाही, मात्र आकुंचित करता येतो. शाखेवर जाहीर किल्लीची नोंद करताना तिच्यापुढे एक आज्ञा लिहून ठेवण्याची सोय आहे. मग या किल्लीने येणाऱ्याने काहीही मागितले तरी तेथे ती एकच आज्ञावली चालते, दुसरे काही नाही. आमच्या उदाहरणात चोराच्या हाती किल्ली लागली तरी त्यास फार तर ग्रंथालयाच्या नोंदी वेळेआधी बांधता येतील. ही सोय अनेकांस ठाऊक नसते, याचे नवल वाटते.

न विचारलेले प्रश्न

ओळख पटली. आता आज्ञावली चालवावयाची. येथे ज्या चुका होतात त्या क्षुल्लक दिसतात, पण मनुष्य समोर नसल्यामुळे त्या मोठ्या होतात.

केंद्रातील स्क्रिप्ट शाखांच्या नावांची यादी एकेक ओळ वाचते व प्रत्येक शाखेकडे एसएसएचने जाते. दिवसा एका शाखेवर करून पाहिले तेव्हा सारे उत्तम चालले होते. रात्री पहिल्या शाखेचे काम होते आणि स्क्रिप्ट संपते. उरलेल्या एकोणीस शाखांकडे कोणी जातच नाही, आणि चूक झाल्याची एकही खूण मागे राहत नाही. कारण असे की एसएसएच ज्यातून वाचते तो प्रवाह व स्क्रिप्ट ज्यातून यादी वाचते तो प्रवाह एकच असतो. पलीकडच्या आज्ञावलीस काही सांगावयाचे असेल या समजुतीने एसएसएच उरलेली सर्व यादी गिळून पहिल्या शाखेकडे पाठवून देते. स्क्रिप्टला वाटते, यादी संपली. एसएसएचला रिकामा प्रवाह द्यावा, म्हणजे हे टळते. त्यासाठी तीत स्वतंत्र पर्यायच आहे. ही चूक एकदा तरी न केलेला मनुष्य या व्यवसायात विरळा.

दुसरी चूक अधिक भयंकर. स्क्रिप्टमध्ये दोन ओळी आहेत : 'जुन्या नोंदींच्या कप्प्यात जा' आणि 'येथील सर्व फाइली पूस'. एके दिवशी कोणी तो कप्पा हलविला. पहिली आज्ञा फसली. मनुष्य असता तर तेथेच थबकला असता. शेल मात्र एक आज्ञा फसली म्हणून सहसा थांबत नाही. ती पुढची ओळ वाचते आणि ज्या कप्प्यात आहे तेथीलच फाइली पुसते. 'पहिली साधली तरच दुसरी कर' असे दोन्ही आज्ञांस जोडून लिहावयास हवे. काहीही फसल्यास थांबावे अशी सर्वसाधारण सूचना स्क्रिप्टच्या आरंभी देता येते, पण तिला अपवाद इतके आहेत की केवळ तिच्यावर विसंबणे बरे नव्हे.

साधली की फसली हे कळावे कसे? प्रत्येक आज्ञावली संपताना एक अंक मागे ठेवते. शून्य म्हणजे काम झाले; इतर कोणताही अंक म्हणजे झाले नाही. जुने आरएसएच पलीकडचा हा अंक आणून देत नसे. संबंध जुळला इतकेच ते सांगे. एसएसएच पलीकडच्या आज्ञावलीचा अंक जसाच्या तसा परत देते, आणि स्वतःचाच संबंध न जुळल्यास २५५ हा अंक देते. म्हणजे 'शाखेचे काम बिघडले' आणि 'शाखेपर्यंत पोहोचताच आले नाही' यांतला भेद स्क्रिप्टला करता येतो. दोहोंवरील उपाय निराळे असल्याने हा भेद मोलाचा आहे.

क्रॉनच्या हातून चालणाऱ्या स्क्रिप्टची आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते : "मी चालविली तर चालते, रात्री आपोआप चालत नाही." मनुष्य संगणकात शिरतो तेव्हा त्याच्याभोवती पुष्कळ तयारी गुपचूप मांडली जाते, कोणत्या कप्प्यांत आज्ञावल्या शोधावयाच्या ही त्यांतलीच एक. क्रॉन ही मांडामांड करीत नाही. यास्तव स्क्रिप्टमध्ये प्रत्येक आज्ञावलीचा पूर्ण पत्ता लिहिणे हेच शहाणपणाचे.

उत्तर न येणे म्हणजे काय?

आता खरोखर कठीण प्रश्नाकडे येऊ. केंद्राने बाराव्या शाखेस आज्ञा दिली, काम सुरू झाले, आणि मधेच तार तुटली. शाखेतील काम थांबले, की पूर्ण झाले? केंद्रास हे कळण्याचा मार्ग नाही. तुटलेली तार आणि मंद यंत्र ही दोन्ही केंद्रास सारखीच भासतात : शांतता. एसएसएचला ठराविक सेकंदांनी हाक घालावयास सांगता येते. लागोपाठ तीन हाकांना ओ आली नाही तर ते संबंध तोडते. त्यामुळे स्क्रिप्ट सकाळपर्यंत खोळंबून राहत नाही. पण काम झाले की नाही, हा प्रश्न तसाच उरतो.

यावर जो उपाय आहे तो जाळ्यात नाही, आज्ञेच्या रचनेत आहे. दिव्याचे बटण दोनदा दाबले तर दिवा विझतो. परंतु 'दिवा लागलेला असू दे' ही आज्ञा कितीदाही दिली तरी परिणाम एकच. शाखेच्या आज्ञावलीस 'आजच्या नोंदी मोठ्या फाइलीस जोड' असे सांगितले आणि शंका म्हणून पुन्हा सांगितले, तर त्या दोनदा जोडल्या जातील व एकाच वाचकाच्या नावे एकच पुस्तक दोनदा पडेल. 'आजच्या तारखेच्या नावाची फाइल आजच्या नोंदींनी भरलेली असू दे' असे सांगितले तर पुनरावृत्तीचे भय उरत नाही. शंका आली की निर्धास्तपणे पुन्हा सांगावे. शेकडो यंत्रे एका जागेवरून सांभाळणारी अलीकडची साधने, उदाहरणार्थ २०१२ पासून प्रचारात आलेले 'अ‍ॅन्सिबल', बव्हंशी याच विचारावर उभी आहेत. तेही एसएसएचवरूनच यंत्रांकडे जाते.

पुन्हा सांगितलेली आज्ञा आधीच्या चालू आज्ञेशी भिडू नये, म्हणून आज्ञावलीने आरंभीच एक कुलूप-फाइल अडकवावी आणि ती आधीच अडकलेली दिसल्यास मुकाट्याने परतावे. यात माघारीचा नियम सरळ ठेवावा. १९८८ मध्ये त्या नियमास जोडलेला सातांत एक हा अपवाद काय करून गेला ते वर आलेच आहे.

जेथे यंत्र एक आणि मागणारे अनेक, तेथे व्यवस्था थोडी निराळी असते. आपल्याकडे २०१९ साली वाराणसीच्या आयआयटीत 'परम शिवाय' आणि पुण्याच्या आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' हे महासंगणक उभे राहिले. अशा महासंगणकावर संशोधक दुरून प्रवेश करतो, पण आज्ञावली स्वतः सुरू करीत नाही. किती प्रक्रियक हवेत, किती तास हवेत हे लिहिलेली स्क्रिप्ट तो रांगेत ठेवून निघून जातो. रांग सांभाळणारी आज्ञावली जागा मोकळी होताच ती सुरू करते, आणि ठरलेले तास संपले की काम अपुरे असले तरी बंद करते. ज्याने मधले निकाल वेळोवेळी फाइलीत उतरवून ठेवले नाहीत, त्याचे तितके श्रम फुकट जातात.

आपल्या जिल्हा ग्रंथालयात शेवटी एक गोष्ट करावयाची राहिली. स्क्रिप्टने बिघाड झाल्यास निरोप धाडावा अशी योजना बहुधा करतात. परंतु मध्यवर्ती संगणकच रात्री बंद पडला तर? मग बिघाडाचा निरोपही येत नाही, आणि निरोप नाही त्या अर्थी सर्व ठीक, असे समजून ग्रंथपाल आठवडाभर निर्धास्त राहतात. म्हणून निरोप बिघाडाचा न मागता झालेल्या कामाचा मागावा. प्रत्येक शाखेची शेवटची यशस्वी रात्र कोणती, हे एका तक्त्यात लिहिले जावे, आणि हा तक्ता मध्यवर्ती संगणकाहून वेगळ्या यंत्राने रोज सकाळी पाहावा. ज्या शाखेपुढील तारीख कालची नाही, तिचे नाव त्याने ग्रंथपालांच्या टेबलावर पोहोचवावे. तेथून पुढे दूरध्वनी उचलून त्या शाखेस विचारणे हे ग्रंथपालांचे काम.